शेजारच्या वाफ्याला पाणी

पुण्यातल्या माणसाला एखादी गोष्ट आवडली तर तो गप्प बसतो. नाही आवडली तर लेखी कळवतो. कादंबरी देवधर जन्माने पुणेकर, त्यामुळे हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी 'गच्चीबाग'च्या सभासदांचे अभिप्राय वाचायला बसल्यापासून आपल्याच गावाविषयीच्या तिच्या ज्ञानात रोज भर पडत होती.

'गच्चीबाग' म्हणजे गच्चीत, बाल्कनीत, खिडकीच्या जाळीत झाडं लावणाऱ्या लोकांची वेबसाइट. श्रीधर गद्रे नावाच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ती काढली, तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किरकिरत घरात यायचं. तेव्हापासून ती तशीच होती: फिकट हिरवी, बारीक अक्षरांची आणि सभासदांना तोंडपाठ. आता ती नव्याने बांधायचं काम खराडीतल्या एका छोट्या कंपनीकडे आलं होतं. नवी साइट चाचणीसाठी सभासदांना खुली केली होती आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं काम कंपनीने कादंबरीला दिलं होतं. म्हणजे रंगरंगोटी दुसऱ्यांनी करायची आणि बोलणी हिने खायची.

बोलणीही एकेक बघण्यासारखी. 'नवा रंग पाहून कावीळ झाल्याचा भास झाला, उपाय सुचवावा.' 'हा बदल कोणी मागितला होता त्याचे नाव व पत्ता कळवावा.' 'नव्या रचनेत सर्व काही सापडते, आपण जे शोधत असतो ते सोडून.' अक्षरं मोठी केली म्हणून एका आजोबांनी लिहिलं होतं, 'आमची नजर गेली आहे, अक्कल नाही.' श्रीधरकाकांची अट एकच होती, की प्रत्येक अभिप्रायाला उत्तर गेलं पाहिजे आणि ते माणसाने लिहिलेलं असलं पाहिजे. तेव्हा कादंबरी दिवसभर 'सप्रेम नमस्कार, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं दातओठ खात लिहीत बसायची.

पण हे काम तिने मागून घेतलं होतं. त्याला कारण होतं तिची आई.

त्या साइटवर प्रत्येक सभासदाचं एक पान होतं. त्याला पान कुणी म्हणत नसे, वाफा म्हणत. ज्या क्रमाने माणसं आली त्या क्रमाने वाफ्याला लागून वाफा, म्हणून प्रत्येकाला शेजारी. सकाळी झाडांना पाणी घालून झालं की आपल्या वाफ्यात येऊन 'पाणी घातलं' एवढे दोन शब्द लिहायचे. गावाला जायचं असलं तर वाफ्यावर 'बाहेरगावी' अशी पाटी लावायची आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्यायची. किल्ली म्हणजे एक बटण. ते दाबलं की शेजाऱ्याला तुमच्या वाफ्यात तुमच्या नावाने लिहिता येई आणि तुम्ही परतेपर्यंत तो रोज 'पाणी घातलं' लिहून ठेवी. त्याने खऱ्या कुंड्या भिजत नाहीत हे सगळ्यांना कळत होतं. तरीही वाफा एक दिवस कोरडा राहता कामा नये आणि ज्याने आपलं घातलं त्याचं आपण घालायचं, ही तिथली रीत होती, आणि ती मोडलेली कुणी ऐकली नव्हती.

कादंबरीची आई, हेमा, तिथली जुनी सभासद. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि कर्वेनगरच्या गच्चीत घेवडा, गवती चहा न् कढीपत्ता वाढवणारी. दोन पावसाळ्यांपूर्वी हॉस्पिटलात दाखल होताना तिने 'बाहेरगावी'ची पाटी लावली, किल्ली शेजारच्या वाफ्यातल्या महिपती काळभोरांना दिली आणि ती काही परत आली नाही. ती पाटी काढणं कादंबरीला जमलं नाही. साइटवर आई गेल्याचं कळवणंही जमलं नाही. आणि आईच्या नावासमोर रोज सकाळी ओळ उमटत राहिली: पाणी घातलं.

खराडीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली की कादंबरी पहिल्यांदा ती ओळ उघडून बघायची. लोणी काळभोरचे कुणी महिपतराव, आपण त्यांना कधी पाहिलेलं नाही, आणि ते रोज न चुकता आईच्या नावाने दोन शब्द लिहितात! तिला रडूही यायचं आणि बरंही वाटायचं. आईचं जगात तेवढंच चालू राहिलं होतं. ते बंद पडू नये, जुन्या साइटवरून नव्या साइटवर आईचा वाफा आपल्या हाताने नीट नेऊन ठेवावा, एवढ्यासाठी ती म्हाताऱ्यांची बोलणी खात होती.

एका दुपारी पुष्कर तिच्या टेबलाशी आला. पुष्कर तिचा वरिष्ठ, वयाने लहान आणि उत्साहाने फार मोठा.

"कादंबरी, होमपेजवर टाकायला चार-पाच पॉझिटिव्ह कमेंट्स काढ ना. 'सभासद म्हणतात' असं सेक्शन करू. आणि फोन करून परमिशन घे, नाहीतर केस करतील हे लोक."

"पॉझिटिव्ह? गच्चीबागेत?"

"अगं, इतके मेंबर्स आहेत. कुणाला तरी आवडलंच असेल."

तिने शोधलं, आणि निघाले की! शिव्यांच्या ढिगाखाली पाच-सहा अभिप्राय होते, सगळे थोडक्यात लिहिलेले. 'नवीन रचना मान्य. लवकर सुरू करावी.' 'हवे होते ते मिळाले.' 'उत्तम. वाट पाहतो आहे.' 'खाते बंद करण्याची सोय केलीत, फार बरे झाले.' ही शेवटची सोय कंपनीने नियम म्हणून केली होती. मोबाइलवर आलेला ओटीपी भरला की जुन्या-नव्या दोन्ही साइटवरचा वाफा कायमचा बंद. जुन्या साइटवर असलं काही नव्हतं. बाकीच्या सभासदांनी फॉन्टवरून आकाशपाताळ एक केलं होतं, पण त्या बटणाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

परवानगीसाठी तिने कॉम्प्युटरवरून फोन लावायला सुरुवात केली. समोर फक्त अभिप्राय आणि नंबर दिसत होता. पहिला नंबर खडकीचा निघाला. दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका माणसाने उचलला.

"बाबांचा अभिप्राय? कधी दिला?"

"परवा. नवीन रचना मान्य आहे म्हणून."

"मॅडम, बाबांचं वर्षश्राद्ध झालं मागच्या महिन्यात. हा नंबर मी वापरतो. कुठून बोलताय तुम्ही?"

कादंबरीने माफी मागून फोन ठेवला. दुसरा नंबर अस्तित्वात नव्हता. तिसऱ्यावर एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "ह्यांनी लिहिलं?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवून दिला. काहीतरी चुकलं असणार, जुने आणि नवे नंबर एकमेकांत मिसळले असणार, असं स्वतःला सांगत तिने पुढच्या नंबरावर क्लिक केलं.

तिच्याच पर्समध्ये फोन वाजायला लागला.

तो आईचा फोन होता. बँकेचे मेसेज त्यावर येतात या सबबीखाली ती तो चार्ज करून, रिचार्ज मारून जवळ बाळगत होती. पर्समध्ये तो वाजत राहिला आणि स्क्रीनवर नंबराशेजारी अभिप्राय होता: 'बटण ठेवलेत, छान केलेत. काढू नये.' तिने तो उघडला. खाली नाव हेमा. तारीख आजची. कादंबरीला फोन बंद करायचं सुचेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली तेव्हा तिने तो कापला.

मग तिने मनाशी हिशेब जुळवला, आणि तो जुळलाही. आईची किल्ली महिपतरावांकडे. त्यांना आईच्या नावाने लिहिता येतं. तसंच बाकीच्यांच्या शेजाऱ्यांनाही. म्हातारी माणसं, दुसऱ्याच्या वाफ्यातून बाहेर पडायचं विसरली असतील आणि तिथूनच अभिप्राय पाठवून मोकळी झाली असतील. तरी खात्रीसाठी तिने श्रीधरकाकांना फोन केला.

"स्तुती आली म्हणता?" काका म्हणाले. "मग ती आपल्या सभासदांची नव्हे."

"काका, जे गेलेत त्यांच्या नावावर आल्यात. त्यांच्या शेजाऱ्यांनी..."

"शेजारी पाणी घालतात. मालक गेला तरी घालतात, त्यांना थांबा म्हणून कोण सांगणार? पण शेजारी दुसऱ्याच्या नावाने मत देत नाहीत. तेवढी सभ्यता आमच्या पिढीत आहे." मग त्यांनी विचारलं, "हे खाते बंद करायचं बटण काय प्रकार आहे? आपल्याकडे वाफा बंद होत नसतो. आम्ही माणसं जोडायला साइट काढली, कमी करायला नाही. तुमच्या अहवालात लिहा आणि ते काढून टाका."

"लिहिते," कादंबरी म्हणाली. तिलाही तेच हवं होतं. बटणच नसेल तर आईचा वाफा कुणी बंद करू शकणार नाही. 'सभासदांची मागणी: खाते बंद करण्याची सोय काढावी' असं लिहून तिने ते पुष्करला पाठवूनही दिलं.

तरी मनात कुरतडत होतं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, मुंढवा, हडपसर करत तिने स्कूटर सोलापूर रस्त्याला लावली. लोणीत महिपती काळभोरांचं घर शोधायला त्रास पडला नाही. 'गुलाबवाले काळभोर' म्हटल्यावर चहाच्या टपरीवरच्या माणसाने हात लांब करून दाखवलं. दुमजली घर, गच्चीच्या कठड्यावरून देशी गुलाबाच्या फांद्या खाली लोंबलेल्या. ओट्यावर एक म्हातारी बाई लसूण सोलत बसली होती. त्या मुक्ताई, महिपतरावांच्या बायको.

"महिपतराव आहेत का? मी पुण्याहून आले. हेमा देवधरांची मुलगी."

"आगं बया! हेमाबाईंची लेक व्हय तू?" मुक्ताईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "ये, बस आशी. लई नाव काढायचे तुज्या आईचं. शाळेतल्या बाई हायत, शुद्ध लिवित्यात म्हनायचे. कशा हायत त्या?"

कादंबरीला आठवलं, आई गेल्याचं आपण इकडे कुणालाच कळवलेलं नाही. "आहेत," ती म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच निघालं. "महिपतराव शेतावर गेलेत का?"

म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुला ठावं न्हाई? दिवाळीच्या आदी गेले की. हिकडची न्हवं, त्याच्या आदलीची दिवाळी. बसल्या जागी गेले."

वरच्या गच्चीतून गुलाबाच्या पाकळ्या ओट्यावर येऊन पडत होत्या. कादंबरीने मनात मोजायचा प्रयत्न केला. आई पावसाळ्यात गेली. महिपतराव दिवाळीआधी. म्हणजे त्यांनी आईच्या वाफ्याला पाणी घातलं ते काही महिने. त्यानंतर आजवर कोण घालत होतं?

"त्यांचा फोन?" तिने विचारलं. "तो कुणी वापरतं का?"

"कपाटात हाय. गेले त्या दिशी बंद पडला तो पडलाच." मुक्ताई पुढे सरकून बसल्या. "पर तुज्या आईचे लई उपकार हायत बग. ह्यांची किल्ली हेमाबाईंकडं हाय न्हवं? रोज सकाळी पानी घालत्यात. सून तिच्या फोनवर उगडून दावती. मला वाचाया येत न्हाई, पर तेवढे दोन शब्द वळकते मी. ह्यांच्या नावाम्होरं ते दोन शब्द आले की मग मी च्या घेती. तुज्या आईला म्हनावं, थकली तरी तेवढं सोडू नका. माज्यासाटी."

कादंबरीने मान डोलावली, चहा घेतला, परत येते म्हणाली. स्कूटरपाशी आली तेव्हा तिला किल्लीचं भोक सापडेना. मुक्ताईंना वाटत होतं हेमा घालते, हिला वाटत होतं महिपतराव घालतात. आणि दोन्ही वाफ्यांत रोज सकाळी, न चुकता, पाणी पडत होतं. भर दुपारच्या उन्हात, मागून ट्रकवाले हॉर्न मारत असताना, कादंबरीच्या अंगावर काटा उभा राहिला तो हडपसर येईपर्यंत बसला नाही.

पुढच्या दिवशी ऑफिसात येऊन तिने आईचा अभिप्राय उघडला. उत्तर अजून गेलं नव्हतं. अट अट असते. तिने लिहिलं: 'सप्रेम नमस्कार. अभिप्रायाबद्दल आभार. नव्या रचनेत आपल्याला नेमके काय आवडले ते कळवावे.'

उत्तर आलं. 'खाते बंद करण्याची सोय. लिहिले आहे तसे.'

'हे कोण लिहीत आहे?'

'नाव वर आहे.'

आसपास सगळं नेहमीसारखं चालू होतं. कॉफी मशीन घरघरत होतं, कुणीतरी मोठ्याने क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं. कादंबरीने एकच शब्द लिहिला. 'आई?'

या वेळी थोडा वेळ लागला. मग अक्षरं आली: 'अभिप्रायाच्या रकान्यात घरगुती बोलू नये.'

कादंबरी खुदकन हसली. हसता हसताच तिची खात्री पटली, कारण जगात दुसरं कुणीही हे वाक्य असं लिहू शकलं नसतं. तिला लिहायचं होतं, तू कुठे आहेस, तिथे कसं आहे, तुला दुखतं का अजून. तिने लिहून खोडलं. अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नांना आईने कधीच उत्तरं दिली नव्हती.

'खाते का बंद करायचे आहे?' तिने विचारलं.

'महिपतरावांनी माझं किती दिवस घातलं. मग ते इकडे आले. त्यांचं कोण घालणार? म्हणून मी उठले. मी घातलं म्हणून ते उठले. आता ते घालतात म्हणून मला घालावं लागतं आणि मी घालते म्हणून त्यांना. आता पुरे, असं दोघांच्याही तोंडून निघत नाही. बरं दिसत नाही ते.'

आणि त्याखाली, जरा वेळाने: 'रोज उठवत नाही गं आता.'

स्क्रीनवरची अक्षरं कादंबरीला दिसेनाशी झाली. आपण रोज सकाळी बसमध्ये बसून ज्या दोन शब्दांवर दिवस ढकलत होतो, त्यासाठी आई रोज कुठून, कशी उठून येत होती, हे तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. आईच्या शेवटच्या आठवड्यात नर्स औषधाला उठवायची, तेव्हा आई अशीच म्हणायची, झोपू दे गं जरा.

'बटण दाबलं आहे. क्रमांक मागतो आहे. तो इथे येत नाही,' आईने लिहिलं.

पर्समध्ये आईचा फोन वाजला. कादंबरीने काढून बघितला. 'गच्चीबाग खाते बंद करण्यासाठी आपला ओटीपी.' पुढे आकडे. 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'

तिने तो सांगितला नाही. फोन हातात धरून ती जिन्यात जाऊन उभी राहिली. क्रमांकाची मुदत संपली. परत फोन वाजला, नवा क्रमांक आला, त्याचीही मुदत संपू दिली. तिथे उभी असताना तिला वैकुंठ स्मशानभूमीतली सकाळ आठवली. गुरुजी आधी जरा कुरकुरले होते, मग त्यांनी मडकं तिच्याच खांद्यावर दिलं होतं. मागून कुणीतरी मडक्याला भोकं पाडत होतं, पाण्याची धार तिच्या पाठीवरून वाहत होती आणि गुरुजी सांगत होते, आता मडकं सोडा, मागे वळून बघायचं नाही. तिने मडकं सोडलं होतं आणि मागे वळून बघितलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साइट उघडली होती, आणि तेव्हापासून रोज ती मागेच बघत होती.

फोन तिसऱ्यांदा वाजला. ती जागेवर परत आली.

'देते,' तिने लिहिलं.

'थांब. आधी महिपतरावांचं बघ. शेजाऱ्याला असं मध्येच सोडून जाता येत नाही.'

मुक्ताईंचा चहा आठवला. 'मी घालीन रोज,' कादंबरीने लिहिलं. 'त्यांच्या बायकोला मी मान डोलावून आले आहे.'

'विचार कर.'

'केला.'

स्क्रीनवर एक चौकट आली: 'हेमा देवधर यांनी महिपती काळभोर यांच्या वाफ्याची किल्ली आपल्याकडे सोपवली आहे. स्वीकारायची?' कादंबरीचाही एक वाफा होता, कामासाठी म्हणून उघडलेला, रिकामा. तिने 'हो' दाबलं. मग आईच्या फोनवरचे आकडे बघून, एकेक करून, उत्तराच्या रकान्यात लिहिले. खाली लिहिलं, 'झोप आता.'

काही आलं नाही. तिने आईचा वाफा उघडला. तिथे पांढऱ्या पानावर एवढंच होतं: 'हा वाफा सभासदाने स्वतः बंद केला आहे.' कादंबरी वॉशरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून रडली, बऱ्याच दिवसांत रडली नव्हती तसं. बाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. आई सुटली होती, आणि तिला सोडवणारी आपण होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये जागा मिळाल्यावर तिने सवयीने साइट उघडली. आईच्या नावाची ओळ नव्हती. ते सहन झालं. मग तिने किल्ली वापरून महिपतरावांच्या वाफ्यात लिहिलं, 'पाणी घातलं.' लोणीच्या त्या ओट्यावर आता चहाची कपबशी वाजली असेल, असं वाटून तिला बरं वाटलं. साइट बंद करणार तेवढ्यात तिचं लक्ष शेजारच्या वाफ्याकडे गेलं. आईच्या रिकाम्या झालेल्या जागी आता तिचा स्वतःचा वाफा येऊन बसला होता, खरं तर तो यादीत सगळ्यात शेवटी असायचा.

त्यावर पाटी होती: 'बाहेरगावी.' खाली ओळ होती: 'पाणी घातलं.'

तिने पाटी लावली नव्हती. तिने आपली किल्ली कुणालाही दिली नव्हती. बस कल्याणीनगरच्या पुलावर थांबली होती, शेजारची बाई कानात इयरफोन घालून झोपली होती, आणि कादंबरी ती ओळ परत परत वाचत होती. अभिप्रायाच्या रकान्यात एक नवा अभिप्राय आला होता, महिपती काळभोरांच्या नावाने. 'पोरी, माझं तू घातलंस. तुझं मी बघतो. काळजी करू नगंस.'

त्यात धाक नव्हता, माया होती. म्हणून तर ती अधिक घाबरली. तिने आपल्या वाफ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन खाते बंद करायचं बटण शोधलं. कालपर्यंत होतं, तिथे आता नव्हतं. वरून खाली, खालून वर, दोनदा शोधलं. तेवढ्यात पुष्करचा मेसेज आला: 'तुझ्या रिपोर्टप्रमाणे क्लोज बटण काढलं गं सकाळीच. काका खूश. तसंही एकाच मेंबरने वापरलं होतं.'

पाठोपाठ अभिप्राय यायला लागले. खडकीचे ते बाबा, तो अस्तित्वात नसलेला नंबर, त्या शांत बाईंचे यजमान. 'सोय का काढली?' 'सोय परत द्यावी.' 'आम्ही वाट पाहत होतो.' प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं, आणि ते माणसाने लिहिलेलं असायला हवं होतं. पुष्करला सांगून बघावं, काकांच्या पाया पडावं, बटण परत लावून घ्यावं. पण कुणाच्या मागणीवरून म्हणून सांगणार? आणि लावलं, तरी आपण गेल्यावर आकडे फोनवरच येणार. आईचा फोन सांभाळायला कादंबरी होती. कादंबरीच्या मागे तिचा फोन चार्ज करून, रिचार्ज मारून पर्समध्ये ठेवणारं कुणी नव्हतं.

किल्ली टाकून द्यावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग मुक्ताई सुनेच्या फोनकडे बघत बसतील. आणि महिपतरावांनी आज हिचं पाणी घातलं होतं, न सांगता, न मागता. उद्या सकाळी त्यांचं घातलं नाही, तर ते बरं दिसलं नसतं.